देवळालीचा ताप: इंग्रजी बोलीतल्या काही शब्दांची कुळकथा

इंग्रजीत एखाद्याचे डोके फिरले, तो भलतेसलते वागू लागला, की तो 'डूलॅली' झाला असे म्हणतात. शब्द बोलीतला, थट्टेचा आणि फारसा न बोचणारा. ब्रिटनमध्ये तो आजही घरात, कचेरीत, वर्तमानपत्राच्या मथळ्यात सर्रास भेटतो. नाशिकला लागून असलेल्या देवळालीचे हे मोडलेले नाव आहे, ही गोष्ट तो वापरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. नाशिककरांपैकीही फार थोड्यांना ती ठाऊक असते.

मूळ प्रयोग दोन शब्दांचा होता: 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फारसी, हिंदुस्तानी आणि मराठी या तिन्हींत तो जवळजवळ एकाच रूपात आहे. देवळालीचा ताप चढला, म्हणजे माणूस कामातून गेला. इंग्रज शिपायाच्या कानाला 'टॅप' म्हणजे टपली असेही वाटले असणार आणि डोक्यावर टपली बसलेला माणूस भ्रमिष्ट होतो, ही कल्पना त्याला सोयीचीच होती. पुढे टॅप गळून पडला आणि नुसते डूलॅली उरले. मराठीत 'डोक्याला ताप' हा वाक्प्रचार स्वतंत्रपणे रुजला आहे. त्याचा या शब्दाशी संबंध नाही, पण देवळालीच्या तापाचा अर्थ मराठी माणसाला उलगडून सांगावा लागत नाही तो त्यामुळेच.

ही लष्करी छावणी १८६१ साली वसली. विलायतेहून मुंबईला उतरलेल्या पलटणींना देशभरच्या ठाण्यांवर पाठवण्याआधी काही दिवस थांबवायला जागा हवी होती, तशीच मुदत संपलेल्या शिपायांना परतीचे जहाज मिळेपर्यंत ठेवायलाही. मुंबईची दमट हवा गोऱ्या शिपायाला सोसत नसे. देवळाली घाटमाथ्यापलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, कोरड्या हवेची. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी वर आली आणि मुंबई बंदर ते देवळाली हा प्रवास एका दिवसाच्या आत आला. पुढे याच हवेसाठी येथे आरोग्यभुवनेही उभी राहिली. प्रकृतीला मानवणारे म्हणून निवडलेले ठिकाण इंग्रजी भाषेत वेडाचे नाव होऊन बसले, यातला विरोधाभास अगदी उघड आहे.

असे का झाले याचे उत्तर जहाजांच्या वेळापत्रकात सापडते. शिपायांची ने-आण करणारी जहाजे वर्षभर चालत नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळण्यासाठी ही वाहतूक साधारणपणे शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात थांबे. ज्या शिपायाची नोकरीची मुदत एप्रिल-मे महिन्यांत संपे, त्याला पुढच्या हंगामातल्या पहिल्या जहाजाची वाट पाहत राहावे लागे. हत्यारे जमा केलेली, कवायत जवळजवळ नाही, काम नाही आणि घरी जायचा दिवस निश्चित नाही. हातात साठलेला पगार आणि समोर कॅम्पातला बाजार, एवढेच काय ते होते.

या अवस्थेचे सर्वांत विश्वासार्ह वर्णन फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने लिहून ठेवले आहे. तो रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स या पलटणीत होता आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने हिंदुस्तानात नोकरी केली. 'ओल्ड सोल्जर साहिब' हे त्याचे आठवणींचे पुस्तक १९३६ साली निघाले. देवळालीत अडकून पडलेल्या शिपायांना वेळ कसा घालवावा हे कळत नसे, वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता अशी माणसे शेवटच्या काही महिन्यांत गुन्हे करून तुरुंगात जात, काही गुप्तरोगाने इस्पितळात पडत, असे तो सांगतो. विचित्र वागणाऱ्याला देवळालीचा ताप झाला म्हणण्याची पद्धत या कंटाळ्यातून पडली असावी, असा त्याचा अंदाज आहे. आणि तो अंदाज म्हणूनच त्याने मांडला आहे, हे विशेष.

दुसरी एक कथा जास्त लोकप्रिय आहे. तिच्याप्रमाणे देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून गावाचे नाव वेडाला चिकटले. छावणीत लष्करी इस्पितळ होते, लष्करी तुरुंगही होता, आणि मायदेशी धाडायच्या आजाऱ्यांत मनोरुग्णही असत, यात शंका नाही. परंतु शब्दाबरोबर आलेला 'ताप' पाहिला तर रिचर्ड्सचे म्हणणे अधिक पटते. ताप येतो आणि उतरतो. शिपाई जहाजावर चढला की तोही उतरत असावा. वेड्यांच्या इस्पितळावरून शब्द घडला असता तर त्यात कोंडून ठेवण्याची छटा आली असती, आणि ती डूलॅलीत कधीच दिसत नाही.

गावाच्या नावाने वेड दाखवण्याची रीत जुनी आहे. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजीत 'बेडलम' आला आणि त्याचा अर्थ नुसता गोंधळ असा झाला. मराठीत एखाद्याला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवण्याची भाषा केली जाते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे, आणि हिंदी मुलखात हेच काम आग्रा आणि रांची ही नावे करतात. ही सगळी नावे इस्पितळांमुळे पडली. देवळालीचे तसे नाही. ती जहाजाची वाट पाहण्याच्या कंटाळ्याने बदनाम झाली.

छापील नोंदी पाहिल्या तर शब्द वयाने लहान वाटतो. एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी शिपाई-खलाशांच्या शब्दांचा कोश १९२५ मध्ये काढला, त्यात तो आहे. एरिक पार्ट्रिजच्या १९३७ सालच्या बोलीशब्दांच्या मोठ्या कोशातही तो आला. छावणी १८६१ ची आणि कोश १९२५ चा, मग मधली साठ वर्षे शब्द कुठे होता? तो बराकीत होता. साध्या शिपायाच्या तोंडची भाषा छापण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. पहिल्या महायुद्धात लाखो शिकलेली माणसे सैन्यात भरती झाली, जुन्या शिपायांच्या शेजारी खंदकात बसली आणि परत येऊन त्यांनी लिहिले, तेव्हा बराकीतले शब्द कागदावर उतरले. बोलीतल्या शब्दाची पहिली छापील तारीख म्हणजे त्याची जन्मतारीख नव्हे, ही गोष्ट या क्षेत्रात सतत ध्यानात ठेवावी लागते.

'देवळाली'तून 'डूलॅली' कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ळ नाही. व आणि ओ यांच्यामधला मराठी उच्चार इंग्रजांनी 'देओ' असा लिहिला, आणि रोमन अक्षरांत लिहिलेले 'देओलाली' नव्या शिपायाने जमेल तसे वाचले. परक्या ध्वनीच्या जागी आपल्या ओळखीचा ध्वनी बसवण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात 'हॉब्सन-जॉब्सन' असेच नाव आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही आर्त हाक गोऱ्या शिपायांनी हॉब्सन-जॉब्सन अशी करून टाकली. त्यावरून हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांनी आपल्या प्रसिद्ध कोशाला हे नाव दिले. कोश १८८६ मध्ये निघाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारला होता. विल्यम क्रुक याने सुधारलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची. मराठीच्या बाबतीत यूलचा मोठा आधार मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता.

हॉब्सन-जॉब्सन हा कोश अफाट आहे आणि वाचायला कादंबरीइतका रंजक आहे, पण त्याचा कान मुख्यतः साहेबाच्या बंगल्याकडे लागलेला आहे. कलेक्टर, व्यापारी, जहाजाचा कप्तान, मडमा यांची भाषा त्यात भरभरून मिळते. बराकीतल्या शिपायाची भाषा त्या मानाने कमी. म्हणून इंग्रजीतल्या हिंदी शब्दांचे दोन थर वेगळे ओळखावे लागतात. बंगला, व्हरांडा, खाटेवरून आलेला कॉट, चटणी, पंडित हे शब्द पहिल्या थरातले. ते सभ्य इंग्रजीत गेले आणि तेथे त्यांच्या मूळ गावाची आठवणही राहिली नाही. दुसरा थर शिपायाचा, आणि बोलीभाषेच्या इतिहासात रस तो याच थरात आहे.

या थरातले शब्द कोणत्या गरजेतून आले ते त्यांच्या अर्थावरूनच कळते. घरची ओढ हा पहिला विषय. विलायती या शब्दाचे हिंदुस्तानी बोलीत 'बिलायती' असे रूप होते. त्याचे 'ब्लाइटी' झाले आणि अर्थ झाला मायदेश, इंग्लंड. विलायत हा मूळचा अरबी शब्द राज्य किंवा प्रांत या अर्थाचा. हिंदुस्तानी माणसाने तो साहेबाच्या देशाला लावला आणि साहेबाने त्याच्याकडून उसना घेऊन स्वतःच्याच घराला लावला. पहिल्या महायुद्धात जीव न घेणारी, पण घरी पाठवण्याइतकी गंभीर जखम झाली तर शिपाई तिला ब्लाइटी म्हणत, आणि अशी जखम व्हावी म्हणून प्रार्थना करत. मराठीत विलायती चिंच, विलायती औषध यांतून तोच शब्द शांतपणे नांदतो. त्याच्या इंग्रजी भावंडाला मात्र युद्धाचा वास आहे.

दुसरा विषय आरामाचा. 'खुश' किंवा 'खुशी' वरून 'कुशी' झाला. बिनकष्टाची, गुबगुबीत नोकरी म्हणजे कुशी जॉब. पुष्कळांना तो इंग्रजीतल्या उशीच्या शब्दावरून आला असे वाटते, आणि तो सहज रुजण्यात त्या साम्याचा हात असणारच, पण उगम खुशीचाच मानला जातो. बक्षिसावरून 'बकशी' आला, म्हणजे फुकट मिळालेले. रोटीवरून 'रूटी' आला, आणि दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला शिपाई 'रूटी गाँग' म्हणू लागले. इतकी वर्षे सरकारची भाकरी खाल्ली त्याचे पदक, असा त्यातला टोमणा आहे. चहाला 'चार' म्हणणे आणि चहा विकणाऱ्याला 'चारवाला' म्हणणे ही सैन्यातली रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

तिसरा विषय शिक्षेचा. 'चोकी' म्हणजे तुरुंग. तो आपल्या चौकीवरून आला. रोआल्ड डालच्या 'मटिल्डा' या १९८८ सालच्या बालकादंबरीत दुष्ट मुख्याध्यापिका मुलांना ज्या अंधाऱ्या कपाटात कोंडते त्याचे नाव हेच आहे, आणि जगभरची मुले ते हिंदुस्तानी म्हणून न ओळखता वाचतात. 'चिट' म्हणजे चिठ्ठी, परवानगीचा कागद. वेडासाठी डूलॅलीच्या जोडीला पागलवरून घडलेला 'पगल्ड'ही होता. आरडाओरड, दंगा यांसाठी 'बॉबरी' होता. तो आपल्या 'बाप रे'वरून आला. गल्लीत काही विपरीत घडले की देशी माणसाच्या तोंडून जो उद्गार निघे, तोच इंग्रजाने त्या प्रसंगाचे नाव म्हणून घेतला.

क्रियापदांची गोष्ट याहून बोलकी आहे. 'डेको' म्हणजे नजर टाकणे, तो 'देखो'. हॉब्सन-जॉब्सनमध्ये 'पकरो', 'लगाओ', 'बनाओ', 'धमकाओ', 'घबराओ' ही रूपे मोडक्या वर्णांत इंग्रजी क्रियापदे म्हणून दिली आहेत. सगळी आज्ञार्थी आहेत. 'पाहणे', 'पकडणे' ही मूळ रूपे इंग्रजाच्या शब्दसंग्रहात आलीच नाहीत, कारण त्याने ती भाषा हुकूम देण्यासाठीच वापरली. सत्तेचे नाते व्याकरणात इतके स्वच्छ उमटलेले क्वचितच पाहायला मिळते. यावर वेगळे भाष्य करण्याची गरजही पडू नये.

हे सगळे शब्द हिंदुस्तानी आहेत, मराठी जवळजवळ नाहीत. देवळाली, नगर, पुणे, खडकी ही मोठी ठाणी मराठी मुलखात असूनही असे का व्हावे? पलटण दर काही वर्षांनी हलत असे. आज देवळाली, उद्या महू, परवा बंगळूर किंवा पेशावर. प्रत्येक ठिकाणची बोली बदले, छावणीची बाजारी हिंदुस्तानी मात्र तीच राही. देशी सैन्यातही मराठी पलटणींपर्यंत कारभाराची भाषा हिंदुस्तानीच होती आणि अधिकाऱ्यांना परीक्षा तिचीच द्यावी लागे. त्यामुळे मराठीचा वाटा बहुतेक गावांच्या नावांतून आला. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून 'डंगरी' हा कापडाचा, आणि पुढे कामगाराच्या कपड्याचा शब्द झाला. देवळालीची गोष्ट वर आलीच. सामान्य नामांत ठळक नाव मुंगसाचे. इंग्रजीतला 'माँगूस' मराठीतून गेला, हे ऑक्सफर्ड कोशही मानतो. इंग्रजीत त्याचे अनेकवचन करताना आजही गडबड उडते, कारण शेवटचा भाग इंग्रजी हंसासारखा दिसतो.

नाशिकने इंग्रजीला आणखी एक नाव दिले आहे. ते बोलीतले नाही, पण येथे नोंदवण्याजोगे आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढवले जाई. त्यांना इंग्रजी कागदपत्रांत 'नासिक बॉइज' म्हणत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या १८६६ पासूनच्या शेवटच्या आफ्रिका मोहिमेत अशा काही तरुणांना बरोबर नेले. १८७४ मध्ये त्याचे शव वेस्टमिन्स्टर ॲबेत पोहोचले तेव्हा सोबत आलेला जेकब वेनराइट शरणपूरचाच होता. आफ्रिकेच्या इतिहासात हे नाव अजून वापरले जाते, नाशिकमध्ये मात्र ते जवळजवळ विसरले गेले आहे.

हिंदुस्तानातून इंग्रजी बोलीत शब्द गेले ते सगळे ब्रिटिश राजवटीबरोबर गेले नाहीत. रोमानी लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्तानातून निघाले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचले. त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली आहे. मित्राला 'पाल' म्हणतात तो शब्द रोमानीतला भाऊ, म्हणजे संस्कृत भ्रात्याचा वंशज. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये भडक कपड्यांच्या, उर्मट पोरांना हिणवण्यासाठी 'चॅव' हा शब्द एकदम पसरला. तो रोमानीतल्या 'चावो'वरून, म्हणजे मुलगा या अर्थाच्या शब्दावरून आला असावा असे कोशकार मानतात. हा चावो आणि मराठीतला छावा एकाच मुळाचे. मराठीत छाव्याला सिंहाचे तेज आहे आणि इंग्रजीत तोच शब्द शिवी झाला. शब्दाचा मान त्याच्या कुळावर नसतो, तो वापरणाऱ्यांवर असतो.

आता खोट्या कथांकडे. हा या विषयाचा सर्वांत निसरडा भाग आहे, आणि त्यात हिंदुस्तानचे नाव वारंवार येते. सर्वांत प्रसिद्ध कथा 'पॉश'ची. मुंबईला जाणाऱ्या जहाजावर श्रीमंत उतारू जाताना डाव्या बाजूची आणि येताना उजव्या बाजूची खोली घेत, कारण ती सावलीची. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर छापत आणि त्यावरून पॉश झाला, असे सांगतात. कथा सुबक आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. असे एकही तिकीट कोणाला सापडलेले नाही. पी अँड ओ कंपनीच्या कागदपत्रांत त्याचा पुरावा नाही. शब्द ऐटबाज या अर्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापात दिसतो, आणि जहाजाची कथा त्यानंतर वीसेक वर्षांनी उगवते. शिवाय त्या काळाआधी आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची चाल फारशी नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या बोलीत पॉश म्हणजे सुटे पैसे आणि पॉश म्हणजे छानछोकी माणूस असे दोन अर्थ नोंदलेले आहेत. मूळ शोधायचे तर तिकडे.

दुसरी कथा 'डॅम'ची. 'मला त्याची पर्वा नाही' या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातला डॅम म्हणजे मोगलांचे दाम हे तांब्याचे नाणे, असे सुचवणाऱ्यांत खुद्द यूल होता. दाम, दमडी, छदाम यांच्या सहवासात वाढलेल्या मराठी वाचकाला हे लगेच पटते. 'दमडीची किंमत नाही' हा प्रयोग आपल्याकडे आहेच. परंतु ऑक्सफर्ड कोशकारांनी ही व्युत्पत्ती नाकारली. इंग्रजीत शापवाचक डॅम फार जुना आहे आणि वाक्प्रचार त्यातूनच सरळ निघतो. यूलसारखा जाणकारही आवडत्या कल्पनेला भुलतो, हे येथे दिसते. कल्पना मात्र सुंदर होती, एवढे श्रेय त्याला द्यावे.

तिसरी कथा आपल्या बोंबलाची. सुक्या बोंबलाला इंग्रज 'बाँबे डक' म्हणतात, कारण तो मुंबईच्या डाकगाडीने जाई आणि डब्यांना त्याचा वास लागे, म्हणून डाकचे डक झाले, असे आजही छापले जाते. मुंबईहून पहिली आगगाडी १८५३ मध्ये सुटली. हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच छापलेले आढळते. डाकगाडीची कथा तेथेच संपते. मुंबईकर इंग्रजांनाच 'डक्स' म्हणून चिडवत, हेही नोंदलेले आहे. बंगालच्या इंग्रजांचे टोपणनाव 'क्वाय-हाय' होते, नोकराला 'कोई है' अशी हाक मारण्यावरून पडलेले.

या तीन कथांशी डूलॅलीची तुलना केली म्हणजे चांगल्या व्युत्पत्तीला काय लागते ते कळते. ठिकाण खरे आहे, छावणीची आणि जहाजांची व्यवस्था कागदोपत्री आहे, तेथे राहिलेल्या शिपायाची साक्ष आहे, ध्वनी बदलण्याची वाट दिसते आणि कोशातली नोंद कथेच्या आधी येत नाही. याउलट आद्याक्षरांवर किंवा एका सुरस प्रसंगावर उभी असलेली व्युत्पत्ती बहुतेक वेळा मागाहून रचलेली असते.

काही शब्दांनी उलटा प्रवास केला. 'टिफिन' अस्सल देशी वाटतो, पण तो इंग्रजी बोलीतल्या 'टिफिंग' वरून आला. फ्रान्सिस ग्रोझच्या १७८५ च्या बोलीकोशात तो जेवणाच्या वेळेखेरीज खाणेपिणे या अर्थाने आहे. इंग्लंडमध्ये तो मेला आणि हिंदुस्तानात जगला. आता शाळकरी मुलाच्या डब्यापासून कारखान्यातल्या जेवणाच्या सुटीपर्यंत मराठीत त्याचा संचार आहे. जिमखान्याची घडण मिश्र आहे: हिंदुस्तानी गेंदखान्यावर इंग्रजी व्यायामशाळेच्या शब्दाचे कलम झाले आणि तो इंग्रजीत व मराठीत एकाच वेळी स्थिरावला.

छावणीने मराठीलाही शब्द दिले, आणि तेथे हॉब्सन-जॉब्सनचा नियम उलट्या दिशेने चालला. पहारेकऱ्याने 'कोण येत आहे' असे इंग्रजीत विचारायचे, त्याचे देशी शिपायाने 'हुकुमदार' केले. परक्या ध्वनीत ओळखीचा हुकूम बसवला आणि अर्थही बिघडू दिला नाही. रिक्रूटचा रंगरूट झाला, ऑर्डर्लीचा अर्दली, सेंट्रीचा संतरी, लॉर्डचा लाट. प्लॅटफॉर्मचा फलाट तर इतका मराठी झाला की त्याचे इंग्रजी मूळ सांगितले तर लोक चकित होतात. इंग्रज शिपायाने देवळालीचे जे केले, तेच मराठी माणसाने प्लॅटफॉर्मचे केले. फरक एवढाच की आपल्या बाजूच्या या व्यवहाराला यूल मिळाला नाही.

ब्रिटिश पलटणींपैकी शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवेतून निघून गेली. त्यानंतर शिपायाच्या हिंदुस्तानीला नवे रक्त मिळाले नाही. बंदुकीसाठी 'बंडूक', घाईसाठी 'जिल्डी', रूटी, पकरो हे शब्द जुन्या शिपायांबरोबर संपले. कुशी, ब्लाइटी, चिट, डेको, पक्का आणि खाकी टिकले, कारण ते बराकीतून आधीच घराघरांत पोहोचले होते. डूलॅलीला दूरचित्रवाणीने हात दिला. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. तिचे सुरुवातीचे कथानक देवळालीच्या तोफखाना डेपोत घडते. तिच्या लेखकांपैकी जिमी पेरी दुसऱ्या महायुद्धात स्वतः देवळालीत होता. हिंदी पात्रांच्या चित्रणामुळे आज ती मालिका टीकेचा विषय आहे, आणि टीका रास्त आहे. शब्द मात्र सुटून आपल्या मुलखातही परत आला: २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका मद्यनिर्मितीगृहाने हेच नाव घेतले आणि 'टॅप' शब्दाचा तिसरा, पिंपाच्या तोटीचा अर्थ त्याला जोडला. देवळालीत छावणी अजून आहे. तेथे भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे आणि ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी गावाचे नाव नुसते 'कॅम्प'.

इंग्रजी बाजूचा हा सगळा हिशोब नीट लावता येतो, कारण तेथे शब्दाची पहिली नोंद कोणत्या सालची हे सांगणारे कोश आहेत. मराठीत दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघाला. शब्दांची मुळे त्यात आहेत, पण शब्द पहिल्यांदा कधी आढळला त्याचा सन देण्याची पद्धत नाही. रंगरूट, हुकुमदार, फलाट हे मराठीत नेमके केव्हा आले, हे म्हणूनच सालासकट सांगता येत नाही. देवळाली, नगर, खडकी येथल्या छावण्यांच्या बाजारपेठांत जुन्या वह्या, ठेकेदारांचे हिशोब, धोब्यांच्या याद्या आणि त्या बोलीत वाढलेली वयस्कर माणसे अजून आहेत. नाशिक-पुण्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हे शब्द सालासकट टिपण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, आणि माणसे आहेत तोवरच ते होऊ शकेल.